कपातली तुळस आणि चाचणीतली तुळस

दिवाळी आटोपली की दिल्लीत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. सकाळी खिडकीबाहेर करडा धूर लटकू लागतो आणि घरोघरी काढ्याची पातेली गॅसवर चढतात. मयूर विहारपासून गुरुग्रामपर्यंत पसरलेल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुळस किती, आलं किती, मिरी किती यावर चर्चा रंगते आणि त्यात कुणीतरी हमखास लिहितं, ‘तुळशीच्या चहाने इम्युनिटी वाढते, एम्सने सिद्ध केलंय.’

ही निव्वळ अफवा नाही. एम्समध्ये तुळशीच्या पानांवर अशी चाचणी खरंच झाली आहे आणि ती नीट, जबाबदारीने केलेली आहे. पण त्या चाचणीत चहा नव्हता. आणि ‘इम्युनिटी’ म्हणून जे मोजलं गेलं, त्याचा आपल्या सर्दी-खोकल्याशी थेट हिशेब लावता येत नाही. ती एक चाचणी बारकाईने वाचली, की कुठल्याही पाल्याच्या, मुळीच्या किंवा पावडरीच्या दाव्याकडे कसं बघायचं हे आपोआप कळू लागतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

अन्सारी नगरात काय झालं

अन्सारी नगरातल्या एम्सच्या शरीरक्रियाशास्त्र विभागातल्या संशोधकांनी हे काम केलं आणि २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’ या नियतकालिकात ते छापून आलं. २४ निरोगी स्वयंसेवक घेतले होते, त्यातल्या २२ जणांनी चाचणी पूर्ण केली. तुळशीच्या पानांचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क ३०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये भरून उपाशीपोटी दिला. चार आठवडे काहींना तुळशीची कॅप्सूल, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल, म्हणजे प्लासिबो. मग मधे खंड ठेवून अदलाबदल. कुणाला काय मिळतंय हे घेणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि देणाऱ्यालाही. यालाच ‘डबल ब्लाइंड’ म्हणतात.

अदलाबदलीची ही पद्धत छोट्या चाचणीत फार उपयोगी पडते, कारण प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. एकाची झोप चांगली, दुसऱ्याचं वय जास्त, तिसरा सिगारेट ओढतो, हे फरक आकड्यांत मिसळत नाहीत.

मोजलं काय, ते तर डोळ्यांपुढे आणण्यासारखं आहे. स्वयंसेवकांचं रक्त काढलं आणि प्रयोगशाळेत त्या रक्तातल्या पेशींना डिवचलं. डिवचायला दोन पदार्थ वापरले. एक लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे काही जीवाणूंच्या कवचातला पदार्थ. दुसरा फायटोहिमॅग्लुटिनिन. नाव अवघड आहे, पण हे प्रथिन राजम्यात असतं. राजमा नीट शिजवला नाही तर पोट बिघडतं ते याच्यामुळेच. या पदार्थांनी पांढऱ्या पेशी चवताळल्या की त्या इंटरफेरॉन-गॅमा आणि इंटरल्यूकिन-४ असे निरोप सोडतात. त्यांचं प्रमाण एलायझा तपासणीने मोजलं. शिवाय रक्तात मदतनीस टी-पेशी किती, मारक टी-पेशी किती, बी-पेशी किती आणि ‘नॅचरल किलर’ म्हणजे एनके पेशी किती, हे फ्लो सायटोमेट्रीने मोजलं. या यंत्रात पेशी एकेक करून लेझरच्या झोतासमोरून जातात आणि ओळखून मोजल्या जातात.

चार आठवड्यांनंतर तुळस घेतलेल्यांमध्ये दोन्ही निरोप वाढलेले दिसले. मदतनीस टी-पेशी आणि एनके पेशी यांचं प्रमाणही वाढलं. प्लासिबोच्या काळात तसं झालं नाही. त्या निबंधात या चार गोष्टींच्या ‘पी’ किमती दिल्या आहेत: इंटरफेरॉन-गॅमा ०.०३९, इंटरल्यूकिन-४ ०.००१, मदतनीस टी-पेशी ०.००१, एनके पेशी ०.०१७.

पी किंमत हा शब्द पुढे अनेक पाकिटांवर आणि जाहिरातींत ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ असा वेष घालून भेटतो, म्हणून इथे थोडं थांबू. हा आकडा परिणाम किती मोठा आहे हे सांगत नाही. तुळशीचा काहीच परिणाम नसता, तर केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती होती, एवढंच तो सांगतो. ०.००१ म्हणजे हजारात एकदा. ०.०३९ म्हणजे शंभरात जवळजवळ चारदा. आता एकाच चाचणीत सात-आठ गोष्टी मोजल्या तर त्यातली एखादी योगायोगानेच ०.०५ च्या खाली घसरायची शक्यता बरीच वाढते. त्यामुळे ०.००१ च्या निष्कर्षावर मी जास्त वजन ठेवीन, ०.०३९ वर कमी. कुठलाही अहवाल वाचताना हा फरक करण्याची सवय लावून घ्या.

‘वाढली’ म्हणजे नेमकं काय झालं

आता माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी विचारते तो प्रश्न. या २२ जणांना पुढे सर्दी कमी झाली का? ताप कमी दिवस टिकला का? ते कुणी पाहिलंच नव्हतं. माणसं निरोगी होती, चार आठवड्यांचा काळ होता, आणि चाचणीचा हेतूही तो नव्हता. रक्तातल्या पेशी आणि निरोप हे मधले टप्पे आहेत. त्यांत बदल दिसला म्हणजे काहीतरी घडतंय हे कळतं. त्याने आजार टळतो की नाही हे कळायला वेगळी, मोठी आणि लांब चालणारी चाचणी लागते, ज्यात शेकडो माणसांचे आजारपणाचे दिवस मोजले जातात.

शिवाय वाढ म्हणजे दरवेळी भलं असतंच असं नाही. इंटरफेरॉन-गॅमा विषाणूंशी लढणाऱ्या फळीला बळ देतं. इंटरल्यूकिन-४ मात्र आयजीई प्रतिपिंडं तयार करायला लावणाऱ्या वाटेवरचा निरोप आहे, आणि ती वाट ॲलर्जीकडेही जाते. दोन्ही एकदम वाढले तर घशाची खवखव कमी होईल की नाकाची ॲलर्जी उफाळेल, हे रक्ताच्या आकड्यांवरून कुणालाच सांगता येत नाही. दिल्लीच्या हवेत ॲलर्जीने आधीच हैराण असलेल्या माणसाने हे लक्षात ठेवायला हवं.

‘इम्युनिटी वाढवा’ हा शब्दप्रयोगच मला खटकतो. प्रतिकारशक्ती म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, की जितकी भरली तितकी बरी. संधिवाताचे काही प्रकार, थायरॉइडचा हाशिमोटो आजार, काही प्रकारचा यकृतदाह, हे सगळे प्रतिकारशक्ती चुकीच्या जागी चवताळल्यामुळे होणारे आजार आहेत.

फांट की काढा

चाचणी कॅप्सूलची का झाली, चहाची का नाही? उत्तर सरळ आहे. तुळशीचा वास आणि चव लपवता येत नाही. कपात तुळस आहे की नाही हे पहिल्या घोटात कळतं, आणि कळलं की ‘ब्लाइंड’ चाचणी संपली. कॅप्सूल पोटात जाते, जिभेला पत्ता लागत नाही.

पण यामुळे एक मोठी दरी पडते. अल्कोहोल आणि पाणी पानातून वेगवेगळ्या गोष्टी ओढून घेतात. तुळशीतलं उर्सोलिक आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. रोझमरिनिक आम्ल पाण्यात येतं. आणि तुळशीला तिचा लवंगेसारखा वास देणारं युजेनॉल वाफेबरोबर उडून जातं. उघड्या पातेल्यात अर्धा तास रटरट उकळलेल्या काढ्याचा घरभर सुटलेला वास म्हणजे कपात यायला हवं होतं ते हवेत गेलेलं युजेनॉल.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. शार्ङ्गधर संहितेत वनस्पतीतून गुण काढण्याचे पाच मूळ प्रकार सांगितले आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. क्वाथ म्हणजे उकळून आटवलेला काढा, हा जाड साल, मुळ्या, लाकडासारख्या कठीण वस्तूंसाठी. फांट म्हणजे गरम पाण्यात घालून झाकून ठेवलेलं, थोड्या वेळाने गाळलेलं पाणी, हा कोवळ्या आणि सुगंधी वस्तूंसाठी. तुळशीचा ‘चहा’ हा खरं तर फांट आहे.

घरी करून बघा. एक कप पाणी उकळा, गॅस बंद करा, धुतलेली आठ-दहा पानं हाताने चुरडून टाका आणि लगेच घट्ट झाकण ठेवा. पाच-सात मिनिटांनी झाकण उचला. आतल्या बाजूला जमलेले थेंब बोटावर घेऊन हुंगा, लवंगेचा वास येईल. ते थेंब कपात परत पाडा. उघड्या पातेल्यात हेच थेंब निघून जातात.

आयुष मंत्रालयाने ३१ मार्च २०२० च्या सल्ल्यात तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुके यांचा हर्बल चहा किंवा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्या असं सांगितलं. पुढच्या महिन्यात ‘आयुष क्वाथ’ नावाचं मिश्रण ठरवून दिलं. त्यात तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १, आणि ३ ग्रॅम भरड १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात. यात तुळशीबरोबर आणखी तीन वस्तू आहेत आणि सगळं पाण्यात आहे. एम्सच्या कॅप्सूलचा निकाल जसाच्या तसा उचलून या मिश्रणाला चिकटवता येत नाही. हे प्रमाण माहीत असण्याचा एक फायदा मात्र आहे. करोनाच्या काळात लोक दिवसाला चार-पाच पेले घेत होते आणि मग छातीत जळजळ, तोंड येणं अशा तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे जात होते. सांगितलेलं होतं ३ ग्रॅम, एकदा किंवा दोनदा. बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी साल बहुतेक वेळा कॅशिया असते आणि तिच्यातलं कुमारिन जास्त प्रमाणात रोज गेलं तर यकृताला जड जातं, हेही ध्यानात असू द्या.

चहाचीच चाचणी झाली ती अशी

चहाच्या रूपातली एक चाचणीही झालेली आहे आणि ती वाचायला हवी, कारण तिने चवीची अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली. हिंदुस्थान युनिलिव्हरच्या ‘नॅचरल केअर’ चहात अश्वगंधा, ज्येष्ठमध, आलं, तुळस आणि वेलची घातलेली असते. त्या चहाची साध्या चहाशी तुलना करणारं संशोधन २०१० मध्ये ‘फायटोथेरपी रिसर्च’मध्ये छापून आलं. स्वयंसेवक ५५ वर्षं किंवा त्यावरचे, वारंवार सर्दी-खोकला होणारे आणि ज्यांच्या एनके पेशींची कामगिरी आधीच कमी होती असे. आधी ३२ जणांवर छोटा अभ्यास केला, त्यात एनके पेशींच्या कामगिरीत फरक दिसू शकेल असं वाटलं, मग वेगळ्या ११० जणांवर अदलाबदलीची चाचणी करून तेच पुन्हा तपासलं. एनके पेशींची काम करण्याची क्षमता वाढल्याचं दोन्हीकडे दिसलं.

दोन गोष्टी मला यात आवडतात. पहिल्या अभ्यासात जे दिसलं त्यावर समाधान न मानता ते दुसऱ्या गटावर पडताळून पाहिलं. आणि ज्यांना गरज आहे अशी माणसं निवडली. एक गोष्ट तितकीच लक्षात ठेवायची, की संशोधक त्याच कंपनीचे होते. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण बाहेरच्या कुणी तीच चाचणी करून तेच उत्तर मिळवलं तर विश्वास किती तरी वाढेल. शिवाय पाच वनस्पती एकत्र आहेत, तेव्हा तुळशीचा वाटा किती हे त्यातून कळत नाही.

२०१७ मध्ये तुळशीवरच्या माणसांवर झालेल्या २४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. मधुमेह, ताणतणाव, प्रतिकारशक्ती असे अनेक विषय त्यात येतात. बहुतेक अभ्यास छोटे आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. तुळशीत काही आहे यात मला शंका नाही. किती, कुणाला आणि कोणत्या रूपात, हे प्रश्न अजून उघडे आहेत.

दावा हातात आला की

कुणी ‘सिद्ध झालंय’ म्हणालं की मी आधी विचारते, पान कोणतं आणि रूप कोणतं? कापूर तुळस, कृष्ण तुळस, राम तुळस, सब्जाची तुळस या सगळ्या वेगळ्या आहेत. अर्क असेल तर किती पानांचा किती अर्क, हे गुणोत्तर लिहिलेलं हवं. मग विचारते, कुणावर? उंदरांवर आणि काचेच्या बशीत झालेले प्रयोग फार असतात आणि जाहिरातीत ते माणसांचे होऊन जातात. मग, कशाशी तुलना? तुलनेला गट नसेल तर तो अभ्यास बाजूला ठेवते. आणि शेवटी, मोजलं काय? पेशी मोजल्या की आजारपणाचे दिवस?

याची उत्तरं शोधायची एक उत्तम जागा आपल्या हाताशी आहे आणि मराठी घरांत ती फारशी कुणाला ठाऊक नाही. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय. आयसीएमआरच्या दिल्लीतल्या वैद्यकीय सांख्यिकी संस्थेने ती जुलै २००७ मध्ये सुरू केली. एप्रिल २०१८ पासून चाचणीत पहिला माणूस घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. तिथे फुकट शोधता येतं. वनस्पतीचं शास्त्रीय नाव टाका (तुळशीसाठी ‘ऑसिमम सँक्टम’ आणि ‘ऑसिमम टेन्युइफ्लोरम’ ही दोन्ही, इंग्रजी अक्षरांत), आणि समोर येणाऱ्या नोंदीत तीन रकाने आवर्जून वाचा. नोंदणीची तारीख, पैसे कुणी दिले, आणि मुख्य मोजमाप काय ठरलं होतं. चाचणी संपल्यावर छापलेल्या निबंधात मुख्य मोजमाप बदललेलं दिसलं तर सावध व्हायचं.

पाकिटाचं वाचन त्याहून सोपं आहे. त्यावर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर ते खाद्य आहे, आणि खाद्यपदार्थाला आजार बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा करता येत नाही. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना क्रमांक असेल तर ते औषध आहे आणि मग ते औषधासारखंच मोजून घ्यायचं. डिसेंबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने स्पष्ट केलं आहे की ‘चहा’ हा शब्द फक्त चहाच्या झुडपापासून, म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिसपासून बनलेल्या मालालाच लावता येईल. तेव्हा पुढे ‘तुळशीचा चहा’ छापील पाकिटावरून जाईल आणि आपल्या बोलण्यात राहील.

सुटा माल घ्यायला फतेहपुरीजवळच्या खारी बावलीत जाणारे बरेच आहेत. मीही जाते. तिथे ‘तुळशीचं पान’ आणि ‘पंचांग’ असे दोन वेगळे माल मिळतात. पंचांगात मूळ, खोड, मंजिरी सगळं कुटलेलं असतं. पान हवं असेल तर तसं स्पष्ट सांगा. घरी आल्यावर एक चमचा माल पांढऱ्या कागदावर पसरा. काड्या एका बाजूला करा, पानं दुसऱ्या बाजूला. मी गेल्या हिवाळ्यात आणलेल्या पुडीत काड्यांचा ढीग पानांपेक्षा मोठा निघाला होता. पान बोटांत चुरडा, वास आला नाही तर ते जुनं आहे. कागद हलवल्यावर खाली बारीक माती उरते का बघा. चुंबक फिरवा. चहाच्या पत्तीतला लोखंडाचा कीस ओळखायला एफएसएसएआयनेच ही युक्ती सांगितलेली आहे आणि ती इथेही चालते.

डोळ्याला न दिसणारं प्रयोगशाळेवर सोडावं लागतं. बचत गट चालवणाऱ्या किंवा घरगुती हर्बल मिश्रण विकणाऱ्या बायका मला विचारतात, ‘आमच्या चहाने प्रतिकारशक्ती वाढते हे तपासून कुठे मिळेल?’ मी त्यांना सांगते, ताई, प्रतिकारशक्तीची चाचणी हे मोठ्या संस्थेचं, एथिक्स कमिटीचं आणि लाखो रुपयांचं काम आहे. तुम्ही आधी तुमच्या मालात शिसं नाही हे तपासा. आयुर्वेदिक औषधांसाठी ठरलेल्या मर्यादा अशा आहेत: शिसं दहा लाखांत १० भाग, आर्सेनिक ३, कॅडमियम ०.३, पारा १. यांच्याबरोबर कीटकनाशकं, बुरशीचं विष आणि जिवाणू. प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता आहे का, आणि ती मान्यता याच तपासणीसाठी आहे का, हे विचारा. एनएबीएलचं मुख्य कार्यालय गुरुग्रामलाच आहे. वनस्पतीची ओळख, राख, काड्यांचं प्रमाण यांची अधिकृत मानकं ठरवणारा भारतीय चिकित्सा व होमिओपॅथी औषधकोश आयोग गाझियाबादमध्ये आहे. अहवाल हातात आला की एक गोष्ट ध्यानात धरा, तो फक्त दिलेल्या नमुन्याचा असतो. पुढच्या पोत्याचा नसतो.

स्वतःवर चाचणी

‘मी चार आठवडे घेतो आणि बघतो’ असं म्हणणारे भेटतात. त्यात वाईट काही नाही, फक्त त्यातून काय कळेल हे आधी ठरवा. मोठ्या माणसाला वर्षात साधारण दोन-तीन वेळा सर्दी होते. चार आठवडे सर्दी झाली नाही, तर काढा न घेताही ती झाली नसतीच कशावरून? शिवाय आपण काढा सुरू करतो तो घसा अगदी धरला तेव्हा. तिथून पुढे तो बहुधा सुधारणारच असतो, आणि श्रेय पातेल्याला जातं. त्यातच नोव्हेंबरातली हवा डिसेंबरच्या एखाद्या वाऱ्याच्या दिवशी निवळली, की त्याचंही श्रेय तिथेच.

रक्ताच्या ‘इम्युनिटी प्रोफाइल’च्या पॅकेजवर पैसे घालवू नका. एनके पेशींची संख्या दिवसाच्या वेळेनुसार बदलते, जिना चढून धापा टाकत गेलात तरी काही वेळ वाढते, रात्री झोप झाली नाही तरी बदलते. आधी सकाळी आठला आणि नंतर दुपारी तीनला रक्त दिलं तर दिसणारा फरक तुळशीचा नसून घड्याळाचा असेल. चाचणीत ठरलेली वेळ, उपाशीपोट आणि तुलनेचा गट असतो, म्हणून तिथे त्या आकड्यांना अर्थ येतो.

स्वतःवर तपासता येण्यासारखं मात्र बरंच आहे. हा चहा पोटाला मानवतो का? पित्त होतं का? संध्याकाळी दुधाच्या चहाऐवजी घेतला तर झोप सुधारते का? वहीत रोज एक ओळ लिहा. मधुमेहाची औषधं घेत असाल तर घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची साखर नक्की लिहा, कारण तुळशीच्या पानांनी साखर उतरल्याचं मधुमेहींवरच्या १९९६ च्या एका प्लासिबो-चाचणीत दिसलं होतं आणि औषधाबरोबर ती नको इतकी उतरू शकते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, शस्त्रक्रिया ठरली असेल, दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल, तर पूजेतलं एखादं पान वेगळं आणि रोजचा दाट काढा किंवा कॅप्सूल वेगळी. आधी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या माणसाने ‘इम्युनिटी वाढवणारं’ काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये.

स्वयंसेवक व्हायचं असेल तर

दिल्लीत सरिता विहारची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था, जनकपुरीत मुख्यालय असलेली सीसीआरएएस ही आयुर्वेद संशोधनाची केंद्रीय परिषद, एम्स अशा मोठ्या संस्था जवळजवळ आहेत, त्यामुळे वनस्पतींच्या चाचणीत भाग घ्यायचं निमंत्रण कधीतरी तुमच्यापर्यंत येऊ शकतं. जमेल तर जरूर जा. अशा माणसांमुळेच आपल्याला काही कळतं. पण संमतीपत्र घरी आणून सावकाश वाचा. ते तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवं. इंग्रजी जड जात असेल तर हिंदी प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यावर सीटीआरआय क्रमांक आणि एथिक्स कमिटीचा संपर्क हवा. चाचणीच्या तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घेतले जात नाहीत. कुणी मागितले तर परत फिरा. मधेच सोडून जायला कारण द्यावं लागत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी कुणाची, हे तिथे लिहिलेलं हवं. सही केलेली एक प्रत तुमच्याजवळ राहिली पाहिजे. आणि घरी घेत असलेला काढा, च्यवनप्राश, होमिओपॅथीच्या गोळ्या, सगळं सांगा. लपवलंत तर तुमचा आकडा सगळ्यांचा निकाल बिघडवतो.

पाकीट फेकू नका

२०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्ण पाहिले. करोनाच्या भीतीने त्यांनी गुळवेल घेतली होती आणि यकृताला सूज आली होती. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती छापली. त्यातल्या बऱ्याच जणांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची चिन्हं होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की खऱ्या गुळवेलीऐवजी तिच्यासारखी दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ घेतली गेली असावी. एकदा रुग्ण आजारी पडल्यावर हा वाद मिटवायला लागतो तो त्याने घेतलेला मालच, आणि तो बहुतेक घरांत कचऱ्यात गेलेला असतो.

म्हणून रोज घ्यायच्या कुठल्याही पाल्याचं रिकामं पाकीट बॅच क्रमांकासकट सहा महिने जपा. सुटा माल असेल तर त्यातली चिमूटभर एका डबीत, खरेदीची तारीख लिहून. डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसू लागली, भूक मेली, अंगाला खाज सुटली, तर काढा त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जाताना ती डबी बरोबर न्या. डॉक्टर विचारतील ‘काही औषधं घेता का?’, तेव्हा ‘नाही, फक्त घरगुती काढा’ असं म्हणू नका. काढ्यात काय होतं ते सगळं सांगा. त्रासाची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या फुकट फोनवर करता येते, आणि आयुर्वेदिक औषधांसाठीचं राष्ट्रीय नोंदणी केंद्र सरिता विहारच्याच संस्थेत आहे.